घरात खाज एक-दोघांनाच, मग मलम सगळ्यांनी का लावायचं? (खरूज)

सिन्नरची_लेक

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागातले जुने धागे चाळले, पण खरजेवर नीट काही सापडलं नाही म्हणून नवा काढतेय.

आमचं एकत्र कुटुंब. सासू-सासरे, मोठे दीर-जाऊबाई, त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं आणि आमचं दीड वर्षाचं बाळ. थोरला पुतण्या होस्टेलला असतो. गणपतीला घरी आला तेव्हाच बोटांच्या बेचक्यात सारखं खाजवत होता. मेडिकलमधून कुठलीशी खाजेची ट्यूब आणली, थोडे दिवस बरं वाटलं आणि मग दुपटीने वर आलं. आता जाऊबाईंच्या मनगटावर आणि बेंबीभोवती बारीक पुरळ आहे. दिवसा त्यातल्या त्यात बरं, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की झोप म्हणून नाही. बाळाच्या तळपायांवर पाण्याचे फोड आलेत.

त्वचेच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी खरूज सांगितली आणि घरातल्या नऊच्या नऊ जणांनी एकाच रात्री मलम लावायचं, आठवड्याने पुन्हा लावायचं, असं लिहून दिलं. इथेच घोडं अडलंय. सासरे म्हणतात, "मला काही खाजत नाही, मी कशाला अंगाला फासून घेऊ?" दीर म्हणतात, ज्यांना आहे त्यांनी आधी लावा, बाकीच्यांचं नंतर बघू. सासूबाईंचा करंजाच्या तेलावर भरवसा आहे. जाऊबाई बिचाऱ्या शेजाऱ्यांना कळेल म्हणून घाबरल्यात, दारात बाई आली की हात पदराखाली घेतात. ते बघवत नाही.

ज्याला खाजच नाही त्याला खरंच औषध लागतं का? कुणी समजावून सांगेल का, म्हणजे मला घरात नीट बोलता येईल.

वडाची_सावली

कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने आंघोळ घाला. आमच्या लहानपणी सगळ्यांना असंच करायचे. कपडे रोज उन्हात.

त्वचेची_डॉक्टर

ताई, तुमच्या डॉक्टरांनी अगदी बरोबर लिहून दिलंय. त्यातला "सगळ्यांनी, एकाच रात्री" हा भाग औषधाच्या नावाइतकाच महत्त्वाचा आहे. जरा सविस्तर लिहिते, सासऱ्यांना वाचून दाखवा.

खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते, सार्कोप्टिस स्केबिआय. मादी जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटरची, नुसत्या डोळ्यांनी ठिपक्याएवढीही धड दिसत नाही. ती कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात आडवं बीळ करत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. अंड्यांतून तीन-चार दिवसांत पिल्लं निघतात आणि साधारण दोन आठवड्यांत तीही मोठी होतात. मादी महिना-दीड महिना जगते.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. खाज किड्याच्या चावण्याची नसते. किडा, त्याची अंडी, त्याची विष्ठा यांची शरीराला अॅलर्जी येते, तिची ती खाज. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा खरूज होते त्याच्या शरीराला ही अॅलर्जी यायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या काळात किडा अंगावर असतो, अंडी घालत असतो, दुसऱ्याकडे जात असतो, आणि माणूस मात्र ठणठणीत असतो. म्हणजे "मला काही होत नाही" याचा अर्थ "माझ्याकडे नाही" असा होत नाही. पूर्वी कधी होऊन गेली असेल तर मात्र शरीर ओळखून असतं, मग एक ते चार दिवसांतच खाज सुटते.

समजा जाऊबाईंनी आणि पुतण्याने आज मलम लावलं, दोघांचे किडे मेले. सासऱ्यांच्या अंगावर चार माद्या आहेत आणि रात्री नातू आजोबांच्या कुशीत झोपतो. पंधरा दिवसांत सगळं पुन्हा पहिल्यापासून. माझ्याकडे "औषध लागूच पडत नाही" म्हणत येणाऱ्या घरांत बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. दिरांना सांगा, निम्म्या घराचा खर्च वाचवायला जाल तर पूर्ण घराचा दोनदा करावा लागेल.

साधारण रुग्णाच्या अख्ख्या अंगावर दहा-पंधराच किडे असतात. पुरळ शेकड्याने असलं तरी किडे मूठभर, कारण पुरळ अॅलर्जीचं असतं. म्हणूनच "जिथे खाजतं तिथेच लावलं" याचा उपयोग होत नाही. किडा पुरळाच्या जागी असेलच असं नाही.

औषधांच्या_दुकानात

डॉक्टरबाईंशी सहमत. मी मेडिकल चालवतो, म्हणून त्या ट्यूबबद्दल सांगतो.

गिऱ्हाईक येतं, खाज दाखवतं आणि "ती ट्यूब द्या" म्हणतं. ती ट्यूब म्हणजे बहुतेक वेळा तीन औषधांचं मिश्रण: क्लोबेटासॉलसारखं जोरदार स्टेरॉइड, बुरशीवरचं औषध आणि अँटिबायोटिक. यातलं एकही खरजेचा किडा मारत नाही. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, माणूस खूश होतो, आणि खाली किडे निवांत वाढत राहतात. शिवाय पुरळाचं रूप इतकं बदलतं की नंतर डॉक्टरलाही ओळखणं अवघड. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न देण्याच्या यादीत घातली, तरी ती सर्रास दिली जातात. आमच्या धंद्यातल्या लोकांनी हे थांबवलं पाहिजे, मी माझ्या काउंटरवर देत नाही.

खरजेसाठी सगळ्यात जास्त लिहिलं जाणारं म्हणजे पर्मेथ्रिन ५ टक्के क्रीम. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅमची अख्खी ट्यूब लागते. नऊ जणांत दोन ट्यूब पुरवायला जाऊ नका. लोक हळदीकुंकवासारखं बोट लावतात आणि मग औषधाला नावं ठेवतात.

सिन्नरची_लेक

डॉक्टर, खूप आभार. रात्री जेवणं झाल्यावर दिरांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. सासरे गप्प बसून ऐकत होते, शेवटी म्हणाले "लावू." नातवाचं ऐकून विरघळले असावेत.

आता नेमकं लावायचं कसं तेही सांगाल का? बाळाचं काय? आणि गाद्या, उशा, गोधड्या? नऊ माणसांच्या गोधड्या एका दिवसात धुणं मला तरी जमणार नाही.

त्वचेची_डॉक्टर

सासऱ्यांचे माझ्याकडून आभार माना.

आधी सगळ्यांची नखं कापा. आंघोळ करायची तर कोमट पाण्याने, अंग पूर्ण कोरडं होऊन गार झाल्यावर झोपायच्या आधी मलम. मोठ्यांनी जबड्यापासून तळपायापर्यंत, इंचभरही न सोडता. सुटणाऱ्या जागा मला पाठ आहेत: कानामागे, बोटांच्या बेचक्या, नखांच्या खाली, काखा, बेंबीच्या आत, स्तनांखाली, ढुंगणाच्या मधली फट, जांघा, गुप्तांग, पायाच्या बोटांमध्ये आणि तळवे. पाठीला दुसऱ्याने लावायचं. बांगड्या, अंगठ्या, जोडवी, घड्याळ काढून ठेवा. मनगटावरचे लाल-काळे गंडेदोरे आणि पोरांचा करदोटा याकडे कुणाचं लक्ष जात नाही. कमरेचा पट्टा ही खरजेची आवडती जागा, आणि करदोटा सरकवून खाली बघितलं तर पुरळाची ओळ त्याच रेषेत दिसते. तो कापून टाका, मलम लावा, दुसऱ्या दिवशी नवा बांधा.

मलम आठ ते चौदा तास अंगावर राहिलं पाहिजे. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. सकाळी आंघोळ. आठवड्याने हेच सगळं पुन्हा, खाज थांबली असली तरी.

बाळाला पर्मेथ्रिन चालतं, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र देत नाही. लहान बाळांना टाळू, कपाळ, चेहरा, कानांमागेही लावावं लागतं, फक्त डोळे आणि तोंडाची जागा सोडून. हात तोंडात घालू नये म्हणून मोजे बांधा. तळव्यांवरचे फोड बाळांत नेहमी दिसतात, त्याने घाबरू नका, पण पिवळा पू दिसला तर आधी दाखवा. घरात बाळाला अंगावर पाजणारी कुणी असेल तर पाजण्याआधी स्तन पुसून धुवून घ्यायचे आणि नंतर तिथे पुन्हा लावायचं.

गोधड्यांची इतकी धास्ती नको. माणसाच्या अंगावरून उतरलेला किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. गेल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, अभ्रे, टॉवेल गरम पाण्यातून काढा आणि उन्हात वाळवा. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस बाजूला ठेवा, झालं. घरात फवारणी, फिनेल, धुरी यांपैकी कशाचीही गरज नाही. आणि अंगाला रॉकेल किंवा शेतातलं कीटकनाशक तर कधीच नको. भाजलेली कातडी घेऊन आलेली माणसं मी पाहिलीत.

लीड्सहून

इंग्लंडमध्ये नर्स आहे, वृद्धाश्रमात काम करते. इकडे खरूज नाही असं तिकडच्या बऱ्याच जणांना वाटतं म्हणून मुद्दाम लिहितेय. गेल्या काही वर्षांत इथे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत आणि वृद्धाश्रमांत खूप वाढलीय. २०२३ मध्ये तर मलमांचा तुटवडा झाला होता. जाऊबाईंना सांगा, रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही होते. साबणाने किडा निघत नाही, तो कातडीच्या आत असतो.

डॉक्टरांनी कपड्यांबद्दल लिहिलंय त्याला इथलाच एक जुना आधार आहे. दुसऱ्या महायुद्धात केनेथ मेलनबी या संशोधकाने शेफील्डमध्ये प्रयोग केले. सैन्यात जायला तत्त्व म्हणून नकार दिलेले तरुण स्वयंसेवक होते. खरूज झालेल्या सैनिकांची न धुतलेली आतली वस्त्रं त्यांना घालायला दिली, त्यांच्या ब्लँकेटांत झोपवलं. तेव्हा सरकार ब्लँकेटं निर्जंतुक करण्यावर भरपूर पैसा खर्च करत होतं. पण या पोरांपैकी फारच थोड्यांना खरूज झाली. रुग्णाबरोबर एका अंथरुणात झोपवल्यावर मात्र झाली. मेलनबीने रुग्णांच्या अंगावरच्या माद्या एकेक करून मोजल्या, सरासरी डझनभरही भरल्या नाहीत. त्या पोरांनी महिनोन्‌महिने खाज सोसली म्हणून आज आपण नऊ माणसांच्या गोधड्या उकळत बसत नाही.

एक अपवाद आहे, पापुद्रे धरणारी खरूज. खूप म्हातारी, अंथरुणाला खिळलेली किंवा प्रतिकारशक्ती खालावलेली माणसं असतात, त्यांच्या अंगावर किडे हजारोंनी, कधी लाखोंनी वाढतात. हातापायांवर जाड, भुरकट खपली धरते आणि खाज मात्र कमी असू शकते. त्यामुळे सोरायसिस किंवा नुसती कोरडी कातडी समजून राहून जातं. अशा माणसाच्या चादरीतूनही, खुर्चीतूनही लागण होते. घरात असं कुणी असेल तर घरी उपचार करत बसू नका, दवाखान्यात न्या.

आश्रमशाळेतला_मास्तर

नंदुरबार भागात निवासी आश्रमशाळेत शिकवतो. हा धागा आमच्यासाठी फार कामाचा आहे. थंडी सुरू झाली की मुलं एकमेकांना चिकटून, दोघांत एक चादर घेऊन झोपतात, आणि डिसेंबर-जानेवारीत निम्मा वर्ग खाजवत असतो. ज्या मुलाला जास्त त्रास त्याला मलम मिळतं, बाकीची तशीच. सुट्टीत घरी जातात, तिथून लहान भावंडांची घेऊन परत येतात.

मला सगळ्यात जास्त काळजी जखमांची वाटते. खाजवून खाजवून बोटांत पू होतो, पेन धरता येत नाही. एका मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला होता आणि लघवी चहासारखी होत होती, त्याला लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावं लागलं. तिथे किडनीला सूज सांगितली. खरजेचा आणि किडनीचा संबंध काय, हे कुणी सांगेल का? पालकांना मी काय सांगू?

त्वचेची_डॉक्टर

गुरुजी, तुम्ही त्या मुलाला वेळेत नेलंत ते फार चांगलं केलंत. संबंध आहे आणि तो सरळ आहे. खाजवल्याने कातडी फाटते, त्यात स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जिवाणू शिरतात आणि पू होतो. या जिवाणूंविरुद्ध शरीरात जी प्रतिक्रिया उठते तिचा मारा काही मुलांत किडनीवर होतो. कातडीत पू झाल्यानंतर साधारण तीन ते सहा आठवड्यांनी डोळ्यांखाली सूज, लघवी कमी आणि गडद, रक्तदाब वाढलेला, असं दिसतं. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, पण काहींची किडनी कायमची दुखावते. खरजेला "नुसती खाज" म्हणून सोडणं मला सहन होत नाही ते यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये तिला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. जगात कुठल्याही क्षणी अंदाजे २० कोटी लोकांना ती असते.

शाळेसाठी एकेका मुलाला मलम देणं सोडा. फिजीत बेटांवर एक अभ्यास झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही गावांत फक्त रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना औषध दिलं, काहींत सगळ्यांना पर्मेथ्रिन, काहींत सगळ्यांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या. वर्षाने पाहिलं तर गोळ्या दिलेल्या बेटांवर खरजेचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या खाली आलं होतं. फक्त रुग्ण आणि घरच्यांना औषध दिलेल्या गावांत ते जेमतेम निम्म्यावर आलं.

तुम्ही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि सगळी मुलं, स्वयंपाकी, अधीक्षक, चौकीदार, सगळ्यांचे उपचार एकाच दिवशी ठरवून घ्या. गोळीचा डोस वजनाच्या प्रत्येक किलोला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या मुलाला ६ मिलिग्रॅम, आठवडा ते दोन आठवड्यांनी पुन्हा तेवढाच. १५ किलोंखालच्या मुलांना आणि गरोदर बायांना गोळी देत नाहीत, त्यांना मलम. पण वजनं करून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. सुट्टीला लागून दिवस धरू नका. मुलं परत आल्यावर पहिल्या आठवड्यात करा, आणि त्याच सुमारास आशाताईंकडून पाड्यांवर घरच्यांचंही होईल असं पाहा.

पावशेर_प्रश्न

दोन शंका. एक, हे खरूजच आहे, नायटा नाही, हे ओळखायचं कसं? दोन, आमच्या गल्लीतल्या कुत्र्याचे केस झडलेत, लोक त्याला खरूज म्हणतात. मुलं त्याला हात लावतात.

त्वचेची_डॉक्टर

नायटा म्हणजे बुरशी. त्याचा गोल चकंदळ असतो, कडा लाल आणि उठावदार, मधला भाग निवळलेला. खरजेत सुटे बारीक पुरळ, रात्री वाढणारी खाज आणि घरात आणखी कुणीतरी खाजवणारं. पुरुषांत गुप्तांगावर खाजऱ्या गाठी दिसल्या तर माझा संशय पक्का होतो. नवरा-बायकोत एकमेकांना होते, तेव्हा लाजून एकट्याने औषध घेऊ नका.

आम्ही बीळ शोधतो. बोटांच्या बेचक्यात किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला काही मिलिमीटरची वेडीवाकडी राखाडी रेघ. सापडत नसेल तर पेनची शाई लावून स्पिरिटने पुसायची. वरची शाई जाते, बिळातली राहते आणि रेघ उमटते. डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून रेघेच्या टोकाला छोटा गडद त्रिकोण दिसतो, ते किड्याचं डोकं आणि पुढचे पाय. तिथलं खरवडून मायक्रोस्कोपखाली ठेवलं की किडा किंवा अंडी दिसतात. पण खरवडून काही नाही मिळालं तरी खरूज नाही असं म्हणता येत नाही, किडे आहेतच किती!

कुत्र्याची खरूज वेगळ्या उपजातीची. माणसाला थोडे दिवस पुरळ येऊन खाजतं, पण ते किडे माणसात वंश वाढवू शकत नाहीत, आपोआप थांबतं. कुत्र्याला पशुवैद्याकडून औषध द्या, बिचारं फार हाल सोसतं.

करंज तेल, कडुलिंबाबद्दल: त्यांच्या भरवशावर राहू नका. जुन्यातलं गंधक मात्र खरंच काम करतं. पेट्रोलियम जेलीत ५ ते १० टक्के गंधकाचं मलम लागोपाठ तीन रात्री लावायचं. वास येतो, कपडे खराब होतात, पण अगदी तान्ह्या बाळांना आणि गरोदरपणात आम्ही अजूनही आनंदाने वापरतो. तयार मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच करून घ्या.

सिन्नरची_लेक

मंडळी, शनिवारी रात्री सगळ्यांनी लावलं. बायकांनी एका खोलीत एकमेकींच्या पाठीला, पुरुषांनी दुसऱ्या. सासूबाईंनी जोडवी काढायला आधी नकार दिला, मग स्वतःच काढून डबीत ठेवली. पुतण्याने होस्टेलच्या रूममेटला फोन करून सांगितलं, त्या खोलीतल्या सगळ्यांनी त्याच रात्री लावलं. होस्टेलच्या रेक्टरना कळवायला तो आधी लाजत होता, पण त्यांनी चांगलं घेतलं.

एकच काळजी. चार दिवस झाले तरी जाऊबाईंची खाज पूर्ण गेलेली नाही. कमी आहे, पण आहे. दीर म्हणतायत रोज लावू का?

त्वचेची_डॉक्टर

रोज अजिबात नको. किडे मेले तरी त्यांचे अवशेष कातडीत असतात, कातडीचा तो थर झडेपर्यंत अॅलर्जी चालू राहते. दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, काखेतल्या-जांघेतल्या गाठी तर कधी काही महिने. वारंवार पर्मेथ्रिन लावल्याने कातडी कोरडी पडून त्याचीच खाज सुरू होते, आणि मग माणूस आणखी लावतो. आंघोळीनंतर खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावा, रात्रीसाठी खाजेची गोळी तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. येत्या शनिवारी ठरल्याप्रमाणे दुसरी पाळी. त्यानंतर महिन्यानेही खाज तशीच असेल, किंवा मधेच नव्या रेघा, नवं पुरळ दिसलं तर पुन्हा दाखवा.

बाळाच्या तळव्यांचा फोटो इथे टाकू नका, मला व्यक्तिगत निरोपात पाठवलात तरी चालेल.

आश्रमशाळेतला_मास्तर

आज वैद्यकीय अधिकारी येऊन गेले. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या सोमवारी सगळ्या मुलांचं आणि कर्मचाऱ्यांचं एकाच दिवशी करायचं ठरलंय, वजनकाटा त्यांच्याकडून येतोय. ज्यांच्या बोटांत पू आहे त्या मुलांना आजच औषध सुरू केलं. सिन्नरच्या ताई, तुमच्या सासऱ्यांचं उदाहरण मी पालकसभेत सांगणार आहे, तुमची हरकत नसेल तर. नाव घेणार नाही.

सिन्नरची_लेक

जरूर सांगा गुरुजी. सासऱ्यांना विचारलं, ते म्हणाले नाव घेतलं तरी चालेल.